शुभांगी कुलकर्णी : महिला क्रिकेट संघटनेच्या अखेरच्या सचिव

स्मृती मानधना, हरमनप्रीत कौर, दीप्ती शर्मा ही नावे आज आपल्या घराघरांत पोचली आहेत. शुभांगी कुलकर्णी हे नाव मात्र मंडळाच्या बहुतेक सभासदांना, विशेषतः पन्नाशीच्या आतल्यांना, ठाऊक नसेल. पुण्याच्या शुभांगीताई भारताच्या लेगस्पिन गोलंदाज, काही काळ कर्णधार आणि १९८५ च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. भारतीय महिला क्रिकेट संघटना नावाची एक संस्था १९७३ पासून तेहतीस वर्षे आपल्या देशातले महिला क्रिकेट चालवत होती. तिच्या त्या अखेरच्या सचिव. त्यांच्याच काळात, २००६ साली, ही संस्था भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली.

खेळाडू म्हणून त्यांची आकडेवारी कुठेही सापडते. कारभारी म्हणून त्यांनी काय केले आणि त्याची किंमत कोणी दिली, याविषयी मराठीत फार कमी लिहिले गेले आहे. त्यामुळे हा परिचय मुख्यतः त्या बाजूचा आहे. उभा जन्म बँकेत गेल्यामुळे विलीनीकरण या विषयाकडे माझे लक्ष जरा जास्त जाते, हेही खरे.

संघटनेची सुरुवात

संघटनेची नोंदणी १९७३ साली लखनऊला सोसायटी कायद्याखाली झाली. संस्थापक सचिव महेंद्रकुमार शर्मा आणि अध्यक्षा बेगम हमीदा हबीबुल्ला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली ती पुण्यात, आणि संघ होते फक्त तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. वर्ष संपायच्या आत वाराणसीला दुसरी स्पर्धा झाली तेव्हा आठ संघ आले, आणि त्यानंतरच्या कलकत्त्याच्या स्पर्धेत चौदा. पैसा नसताना दीड-दोन वर्षांत तीनाचे चौदा होणे म्हणजे गावोगावच्या मुली वाटच पाहत होत्या, असाच अर्थ निघतो.

सुरुवातीच्या काळात या कामाला आधार देणाऱ्यांत कराडच्या खासदार प्रेमलाकाकी चव्हाण यांचे नाव घ्यावे लागते. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या त्या मातोश्री. पृथ्वीराजजींचा जन्म आपल्या इंदूरचा, एवढी नोंद इंदूरकरांसाठी करून ठेवतो.

१९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील संघ येऊन गेला. मग १९७६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस वेस्ट इंडीजविरुद्धची पहिली अधिकृत कसोटी मालिका बंगळूरला सुरू झाली. सहा कसोट्यांची मालिका होती. त्यातल्या पाटण्याच्या कसोटीत शांता रंगस्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारताने पहिला विजय मिळवला, आणि मोइन-उल-हक स्टेडियम त्या वेळी भरून गेले होते. तिकीट काढून मुलींचा खेळ कोण बघणार, हा प्रश्न पुढे तीस वर्षे विचारला गेला. त्याचे उत्तर पाटणेकरांनी पहिल्याच हंगामात दिले होते.

याच मालिकेत पुण्याची सतरा वर्षांची शुभांगी कुलकर्णी भारताकडून पहिल्यांदा खेळली.

खेळाडू म्हणून

१९ जुलै १९५९ चा त्यांचा जन्म. १९ कसोट्यांत ६० बळी आणि ७०० धावा, २७ एकदिवसीय सामन्यांत ३८ बळी. भारतीय महिलांत कसोटीत त्यांच्यापेक्षा अधिक बळी डायना एडलजी यांचेच, ते ६३. तीन कसोट्यांत आणि एका एकदिवसीय सामन्यात शुभांगीताईंनी नेतृत्वही केले. १९९१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यानंतर त्या निवृत्त झाल्या.

हे आकडे तारखांसोबत वाचावे लागतात. १९७६ ते १९९१ ही पंधरा वर्षे दिसायला मोठी आहेत, पण १९७७ च्या सुरुवातीपासून १९८४ च्या सुरुवातीपर्यंत भारतीय महिला एकही कसोटी खेळल्या नाहीत. मधल्या काळात १९७८ आणि १९८२ चे विश्वचषक एवढाच काय तो आंतरराष्ट्रीय खेळ. मग १९८४ ते १९८६ अशी तीन भरगच्च वर्षे आली : ऑस्ट्रेलिया आली, न्यूझीलंड आली, इंग्लंडचा दौरा झाला. आणि १९८६ च्या उन्हाळ्यानंतर पुन्हा सगळे ठप्प. १९८८ च्या विश्वचषकाला भारताचा संघ गेलाच नाही. पुढचा आंतरराष्ट्रीय सामना १९९१ च्या जानेवारीतला.

लेगस्पिन ही वयाबरोबर मुरणारी कला आहे. सत्तावीस ते एकतीस हे लेगस्पिनरचे ऐन भराचे वय, आणि तेवढीच वर्षे शुभांगीताईंच्या खात्यावर कोरी आहेत. ६० बळींच्या जागी किती असते याचा हिशोब मांडण्यात अर्थ नाही. पण सामनेच नसणे म्हणजे काय, हे ज्या व्यक्तीने स्वतःच्या खेळात भोगले तीच पुढे सचिवाच्या खुर्चीवर बसली, हे लक्षात ठेवून पुढचा भाग वाचावा.

आपल्या इंदूरच्या संध्या अग्रवाल याच पिढीतल्या. १३ कसोट्यांत १११० धावा, सरासरी पन्नासच्या वर. १९८६ मध्ये वूस्टरला त्यांनी इंग्लंडविरुद्ध १९० धावा केल्या तेव्हा तो महिला कसोटीतला जागतिक विक्रम होता. आधीचा विक्रम इंग्लंडच्या बेटी स्नोबॉल यांचा, १८९ चा. इंदूरच्या एका मुलीच्या नावावर जागतिक विक्रम होता हे आजही शहरातल्या किती जणांना माहीत आहे, कोण जाणे.

पैशाची बाजू

संघटनेचे पदाधिकारी मानद होते, म्हणजे पगार नाही. कायमचा निधी नव्हता, सरकारी मदत तुटपुंजी आणि दूरचित्रवाणीचे हक्क विकत घ्यायला कोणी तयार नाही. अशा संस्थेचा सचिव म्हणजे प्रत्यक्षात विपणन अधिकारी, प्रवास व्यवस्थापक आणि वसुली कारकून, तिन्ही एकाच वेळी.

२०२५ चा विश्वचषक भारताने जिंकल्यावर नूतन गावस्कर यांनी त्या काळच्या आठवणी वृत्तसंस्थेला सांगितल्या, त्या अनेकांनी वाचल्या असतील. सुनील गावस्करांच्या त्या भगिनी. संघटनेच्या कारभारात त्या दीर्घकाळ होत्या, सरचिटणीसपदही त्यांनी सांभाळले. त्यांच्या सांगण्यानुसार एका काळी संघाकडे मिळून तीन बॅटी असत. दोन सलामीवीरांकडे दोन आणि तिसऱ्या क्रमांकाकडे तिसरी. सलामीची फलंदाज बाद झाली की तिची बॅट आणि पॅड चौथ्या क्रमांकाची फलंदाज घेई. राष्ट्रीय स्पर्धांना मुली आरक्षणाशिवाय छत्तीस-अठ्ठेचाळीस तासांचा रेल्वे प्रवास करत, आणि तोही स्वतःच्या खर्चाने. मुक्काम एका मोठ्या खोलीत वीस जणींचा. न्यूझीलंडच्या दौऱ्यात हॉटेलला पैसे नव्हते, म्हणून खेळाडू तिथल्या भारतीय कुटुंबांकडे उतरल्या. विमानाची तिकिटे कधी एअर इंडियाकडून मिळत. इंग्लंडच्या एका दौऱ्याची तिकिटे निघाली ती अभिनेत्री मंदिरा बेदी यांनी हिऱ्यांच्या एका ब्रँडच्या जाहिरातीचे आपले मानधन संघटनेला देऊन टाकले म्हणून.

आपल्या गणेशोत्सवाची वर्गणी ज्यांनी कधी जमवली आहे त्यांना ही पद्धत नवी नाही. रोख फार कमी लोक देतात. एक जण मांडव देतो, एक जण प्रसादाचा भार उचलतो, कोणी ध्वनिक्षेपक पाठवतो. आपण सगळ्याला 'सहकार्य' म्हणतो आणि अहवालात नाव छापतो. क्रीडा विपणनात याला वस्तुरूप प्रायोजकत्व म्हणतात. एअर इंडियाची तिकिटे तशीच. यात एक मूळ अडचण असते. अशा मदतीवर एक कार्यक्रम पार पडतो, पण पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक करता येत नाही. देणारा दरवर्षी नव्याने गाठावा लागतो.

प्रायोजक पैसे देतो ते त्याचे नाव कितीजणांना दिसते ते पाहून. सामना दूरचित्रवाणीवर नसेल तर नाव दिसत नाही. नाव दिसत नसेल तर प्रायोजक येत नाही. आणि प्रायोजक नसेल तर सामना दाखवायला वाहिनी तयार होत नाही. हे चक्र कुठेतरी तोडावे लागते. शुभांगीताईंच्या काळात त्याला एक छोटी चीर पडली. २००४ च्या सुरुवातीला वेस्ट इंडीजचा महिला संघ भारतात आला, तेव्हा मंदिरा बेदी ज्या 'अस्मी' दागिन्यांची जाहिरात करत त्या ब्रँडचे प्रायोजकत्व मालिकेला मिळाले. क्रिकेटच्या कार्यक्रमांतून मंदिराजींचा चेहरा घरोघरी ओळखीचा झालेला होता, आणि स्त्रियांना दागिने विकणारी कंपनी स्त्रियांच्या क्रिकेटला जोडली गेली. आज हे सरळ वाटते. त्या वेळी क्रिकेटला पैसे देणाऱ्या कंपन्या बहुतेक थंड पेये, मोटारसायकली आणि टायर विकणाऱ्या होत्या. त्यांच्या हिशोबात महिला क्रिकेट बसतच नव्हते.

खेळात मात्र संघ अजिबात गरीब नव्हता. २००२ च्या जानेवारीत त्याने इंग्लंडला घरच्या मालिकेत ५-० हरवले. मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत पार्ल येथे परदेशातला पहिला कसोटी विजय मिळवला. ऑगस्टमध्ये टाँटनला मिताली राज यांनी २१४ धावांची विक्रमी खेळी केली. २००५ च्या एप्रिलमध्ये, शुभांगीताई सचिव असताना, भारत पहिल्यांदा विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. सेंच्युरियनला ऑस्ट्रेलियाकडून ९८ धावांनी हरला, पण उपविजेता ठरला. या कामगिरीचे खेळाडूंना काय मिळाले ते मिताली राज यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितले आहे : सामन्यामागे एक हजार रुपये, आठ सामन्यांचे आठ हजार. संघटनेने हात आखडता घेतला असे कोणी म्हणू नये. तिजोरीत होते ते दिले.

बहुतेक खेळाडूंचे घर चालत होते ते रेल्वेच्या नोकरीवर. महिला क्रिकेटच्या इतिहासात रेल्वे क्रीडा विभागाचा वाटा कोणत्याही प्रायोजकापेक्षा मोठा आहे. तो एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून इथे थांबतो.

विलीनीकरण

जगात वारे आधीच फिरले होते. न्यूझीलंडमध्ये महिलांची संघटना १९९२ मध्ये पुरुषांच्या मंडळात मिसळली, इंग्लंडमध्ये १९९८ मध्ये, ऑस्ट्रेलियात २००३ मध्ये. १९५८ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट परिषद २००५ मध्ये आयसीसीत विलीन झाली. त्यानंतर प्रत्येक देशात एकच मंडळ असावे अशी आयसीसीची अपेक्षा होती. भारताचे मंडळ जगात सर्वांत श्रीमंत, आणि त्याच देशातली महिला संघटना विमानाच्या तिकिटांसाठी दारोदार फिरणारी. शरद पवार मंडळाचे अध्यक्ष असताना, २००६ च्या नोव्हेंबरमध्ये, भारतातले विलीनीकरण झाले. संघटनेच्या बाजूने सचिव होत्या शुभांगी कुलकर्णी.

कागदावर हा निर्णय सोपा दिसतो. एका बाजूला पैसा, मैदाने, प्रशिक्षक, राष्ट्रीय अकादमी. दुसऱ्या बाजूला रिकामी तिजोरी. पण ज्यांनी बँकांची विलीनीकरणे जवळून पाहिली आहेत ते असा निर्णय नुसत्या ताळेबंदावरून जोखणार नाहीत. १९२० मध्ये होळकर दरबाराच्या आश्रयाने निघालेली बँक पुढे स्टेट बँक ऑफ इंदूर झाली आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. तो काळ आपल्यातल्या अनेक कुटुंबांना आठवत असेल. तिथे विलीनीकरणाची रीतसर योजना होती. ठेवी, कर्जे, इमारती, कर्मचाऱ्यांची सेवा, निवृत्तिवेतन, सगळ्याचा उल्लेख त्यात होता. गेली ती पाटी, आणि इंदुरातच निर्णय घेण्याचा अधिकार.

महिला संघटनेकडे सेवाज्येष्ठता नव्हती, कारण पगारी सेवाच नव्हती. तेहतीस वर्षे ज्या स्त्रियांनी पदरमोड करून स्पर्धा भरवल्या, त्यांच्या अनुभवाला नव्या घरात कोणते पद मिळेल, हे त्यांना कोणी बांधून दिलेले नव्हते. राज्याराज्यांत तेच. राज्य महिला संघटनांचे काम त्या त्या राज्याच्या क्रिकेट संघटनेकडे गेले. निवड, दौरे, सामन्यांची आखणी यांचे सारे निर्णय आता अशा सभांत होणार होते जिथे मतदान करणारे जवळजवळ सगळे पुरुष होते. शुभांगीताई नंतर काही काळ मंडळाच्या महिला समितीवर होत्या, पण समिती म्हणजे शिफारस करणारी. सही दुसऱ्याची.

सचिव म्हणून त्यांच्यासमोर दुसरा मार्ग होता का? माझ्या मते नव्हता. आयसीसीच्या नव्या रचनेत स्वतंत्र संघटनेला आंतरराष्ट्रीय सामने मिळणेच अवघड झाले असते, आणि सामन्यांविना संघटना म्हणजे नुसती नोंदणीची फाईल. निर्णय बरोबर होता. तो लगेच फळला, असे मात्र आकडे सांगत नाहीत.

त्यानंतरची वर्षे

१९७६ ते २००६ या तीस वर्षांत, म्हणजे गरीब संघटनेच्या काळात, भारतीय महिला ३४ कसोट्या खेळल्या. शेवटची टाँटनला, २००६ च्या उन्हाळ्यात. ती भारताने जिंकली, आणि इंग्लंडमधली पहिली कसोटी मालिकाही त्याबरोबर जिंकली. मग श्रीमंत मंडळाच्या काळात पुढची कसोटी कधी? २०१४ च्या ऑगस्टमध्ये. मधली आठ वर्षे कोरी. इंग्लंडमधल्या वर्म्सली येथे तो संघ उतरला तेव्हा अकरापैकी आठ जणींची ती पहिली कसोटी होती. सांगलीची अठरा वर्षांची स्मृती मानधना त्यांतली एक. भारताने तीही जिंकली. त्याच वर्षी म्हैसूरला आणखी एक झाली, आणि नंतर थेट २०२१. म्हणजे २००६ नंतरच्या चौदा वर्षांत दोन कसोट्या.

एखादे खाते दुसऱ्या बँकेत गेल्यावर बराच काळ व्यवहारच होऊ नयेत आणि पुढे त्यावर भले मोठे व्याज जमा व्हावे, तसे काहीसे झाले. व्याज जमा झाले हे मान्य. पण मधल्या काळात ज्यांचे खेळण्याचे वय उलटून गेले त्यांच्या खात्यात ते गेले नाही. शुभांगीताईंच्या पिढीची १९८६ नंतरची वर्षे संघटना असताना कोरी गेली, पुढच्या पिढीची मंडळ असताना.

व्यवहार सुरू झाले ते हळूहळू. २०१५ मध्ये पहिल्यांदा महिलांना वार्षिक करार मिळाले, अकरा जणींना, वरच्या श्रेणीत पंधरा लाख. २०१६ मध्ये परदेशी लीग खेळायला परवानगी मिळाली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळावर प्रशासकांची समिती नेमली, तीत डायना एडलजी होत्या. त्याच वर्षी लॉर्ड्सवरचा विश्वचषकाचा अंतिम सामना देशाने पाहिला, आणि प्रायोजकांचे डोळे उघडले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये महिला आणि पुरुषांचे सामना मानधन समान झाले : कसोटीला पंधरा लाख, एकदिवसीयला सहा, टी-ट्वेंटीला तीन.

२०२३ च्या जानेवारीत महिला प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे प्रसारण हक्क ९५१ कोटींना गेले, आणि पाच संघ मिळून सुमारे ४६७० कोटींना विकले गेले. पहिल्याच लिलावात स्मृती मानधना यांच्यावर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. ते जुने चक्र आता उलटे फिरू लागले होते. हक्क आधी विकले गेले, म्हणून सामने दिसले, म्हणून प्रायोजक आले. मंडळाच्या बळाशिवाय ९५१ कोटींचा सौदा झाला नसता. २००६ ची सही योग्य होती असे मी म्हणतो ते याच जमेमुळे, आणि तरीही वरच्या कोऱ्या वर्षांची नावे बाजू त्यातून वजा करू नये असे वाटते.

पुन्हा सभेच्या टेबलापाशी

लोढा समितीच्या शिफारशींनंतर मंडळाची घटना बदलली. सर्वोच्च कारभार पाहणाऱ्या नऊ जणांच्या परिषदेत खेळाडूंच्या संघटनेचे दोन प्रतिनिधी असावेत, एक पुरुष आणि एक स्त्री, अशी तरतूद झाली. २०१९ मध्ये स्त्री प्रतिनिधी म्हणून शांता रंगस्वामी गेल्या. २०२२ मध्ये त्या जागी शुभांगी कुलकर्णी निवडून आल्या. पुरुष प्रतिनिधी होते दिलीप वेंगसरकर.

म्हणजे ज्या व्यक्तीने २००६ मध्ये संघटनेच्या किल्ल्या मंडळाच्या हवाली केल्या ती सोळा वर्षांनी त्याच मंडळाच्या सर्वोच्च परिषदेत मताच्या अधिकारासह बसली. नऊ जणांत स्त्री प्रतिनिधीची जागा एकच होती. समान मानधनाचा निर्णय आणि महिला लीगची सुरुवात याच सुमाराची. त्या निर्णयांचे श्रेय एका व्यक्तीला देणे चूक ठरेल, मंडळातल्या अनेकांचे ते काम आहे. त्या खोलीत तीन बॅटींचा काळ स्वतः पाहिलेली एक व्यक्ती होती, एवढे मात्र नोंदवून ठेवावे.

इंदूरचा धागा

महिला क्रिकेटच्या दोन्ही काळांचे महत्त्वाचे सामने इंदूरने पाहिले आहेत. १९९७ चा विश्वचषक संघटनेने भरवला होता, अकरा देश आले होते. त्यातला भारत-न्यूझीलंड सामना डिसेंबरात आपल्या नेहरू स्टेडियमवर झाला आणि बरोबरीत सुटला. दुसरा सामना मंडळाच्या काळातला, १९ ऑक्टोबर २०२५ चा, होळकर स्टेडियमवर. इंग्लंडने २८८ केल्या, स्मृतीने ८८ काढल्या, आणि भारत चार धावांनी हरला. मानपुरहून मुंबई-आग्रा रस्त्याने इंदूर गाडीने तासाभराचे अंतर. आपल्याकडून काही कुटुंबे मुलींना घेऊन सामन्याला गेली होती. परत येताना मुली रडवेल्या होत्या असे ऐकले. दोन आठवड्यांनी, २ नोव्हेंबरला, नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, आणि मंडळाने संघाला ५१ कोटींचे बक्षीस जाहीर केले.

जाता जाता एक गोष्ट. होळकर स्टेडियमचे नाव २०१० पूर्वी वेगळे होते. ते मैदान महाराणी उषाराजे यांच्या नावाने ओळखले जाई. महिलांच्या विश्वचषकाचे सामने तिथे झाले तेव्हा ती पाटी असती तर शोभून दिसली असती.

संघटनेच्या तेहतीस वर्षांची कागदपत्रे आज एका जागी नाहीत. जुन्या राष्ट्रीय स्पर्धांच्या धावपुस्तिका, प्रमाणपत्रे, संघाची छायाचित्रे खेळाडूंच्या घरी ट्रंकांमध्ये आहेत. मध्य प्रदेशाच्या संघातून सत्तर-ऐंशीच्या दशकांत खेळलेल्या मुलींत इंदूर, महू, देवास, धार भागातल्या मराठी घरांतल्या मुलीही असणार. आज त्या आजी झाल्या असतील. आपल्या घरात किंवा नात्यात अशी कोणी असेल आणि तिच्याजवळ असे कागद असतील, तर त्यांच्या छायाप्रती मंडळाच्या ग्रंथालयात द्याव्यात. मूळ प्रत घरीच ठेवावी. मागच्या बाजूला वर्ष, गाव आणि छायाचित्रातल्या मुलींची नावे पेन्सिलने लिहून दिली तर नोंद करणे सोपे जाईल.